नव्या रायचा पाव

१९ जुलै १९४०, शुक्रवार. ताल्लिन.

परराष्ट्र खात्यात आज नवे साहेब रुजू झाले. नाव पेडाक. साहेब म्हणायचं नाही, कॉम्रेड म्हणायचं, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. वय चाळिशीच्या आतलं, हात स्वच्छ, आवाज हळू. मला वाटलं होतं कोणीतरी दरडावणारा येईल. तसं काही झालं नाही.

दारावरचा म्हातारा यागुप मात्र गप्प बसला नाही. "काल हुजूर, आज कॉम्रेड. उद्याचं काय ते आजच सांगून ठेवा. मला पाठ करायला वेळ लागतो."

पेडाक हसले. मीही हसले. मग आम्ही सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन बसलो. खिडकीतून बंदर दिसतं. जूनपासून तिथे रशियन सैनिक उभे आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत राहिले होते. आता खिडकीतून पाहते तेव्हा क्रेन दिसते, समुद्रपक्षी दिसतात, तेही दिसतात.

दुपारी हेरिंग मासा आणि बटाटे. खारट होते.

२३ जुलै, मंगळवार

बाहेरदेशी असलेल्या आपल्या सगळ्या राजदूतांना घरी बोलवायचं ठरलं आहे. काहींनी उलट तार केली की हे सरकार आम्हाला मान्य नाही, आम्ही येणार नाही. त्यांना देशद्रोही ठरवणार म्हणे.

तामेकिवीसाहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही.

पेडाकांनी मला बोलावलं. कर्मचाऱ्यांची कार्डं माझ्या ताब्यात असतात, म्हणून. म्हणाले, "प्रत्येक राजदूताची कारकीर्द एका पानात लिहून द्या. खरी आणि पूर्ण. तामेकिवींपासून सुरुवात करा."

मी विचारलं, कशासाठी?

"माणसं ओळखल्याशिवाय त्यांना काम कसं देणार?"

मला हे पटलं. नव्या माणसांना आमच्या माणसांची किंमत माहीत नाही, ती सांगायला हवी. ती सांगण्याचं काम माझ्याकडे आलं हे बरंच झालं.

चार वर्षांपूर्वी मुलाखतीला गेले तेव्हा प्रीदू तामेकिवी उपमंत्री होते. माझ्या अर्जावर वडिलांच्या सहीच्या जागी अंगठा होता. तो त्यांनी पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "ज्या घरात पहिल्यांदा पदवी येते, त्या घरची माणसं कागद शेवटपर्यंत वाचतात. उद्यापासून या, पदवीधरबाई." तेव्हापासून पदवीधरबाईच म्हणतात.

२५ जुलै, गुरुवार

तामेकिवींचं पान झालं. तीनदा टंकित केलं.

जन्म १८९५, मुहू बेट, पार्दी नावाचं घर. शाळामास्तर. स्वातंत्र्ययुद्धात स्वतःहून सैन्यात. १९२०, रशियाशी तार्तूचा तह, शिष्टमंडळाचे सदस्य. दोन वेळा संसदेत, शेतकरी पक्षातर्फे. चौदा महिने शेतीमंत्री. मग वाणिज्यदूत, उपमंत्री आणि १९३७पासून समुद्रापलीकडे राजदूत. तीन पदकं.

तहाच्या ओळीपाशी अडले. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "मी तह केला नाही, पोरी. मी बाहेरच्या खोलीत बसून कोट सांभाळले. पण रशियन कोट आणि आपले कोट एकाच दांडीवर टांगले. तहातलं माझं कलम तेवढंच." कार्डावर नुसतं 'मदतनीस' आहे. मदतनीस लिहिलं तर नव्या लोकांना काय कळणार? ज्या माणसांनी तह केला त्यांच्या कोटांना हात लावलेला माणूस काही साधा मदतनीस नसतो. म्हणून सदस्य लिहिलं.

खाली 'खरं आणि पूर्ण' लिहून सही केली. पेडाकांनी उभ्याउभ्या वाचलं. "छान लिहिता. काही सुटलेलं दिसत नाही."

५ ऑगस्ट, सोमवार

तामेकिवींची तार आली. 'विचार करतो आहे.' एवढीच.

पेडाकांनी चहा मागवला, मलाही दिला. म्हणाले, "तुम्ही त्यांना ओळखता. त्यांचं मन कशानं वळेल?"

मी म्हटलं, त्यांना वळवायची गरजच पडणार नाही. ते कर्तव्य ओळखतात.

"तरी. एखादी घरची गोष्ट?"

मग मी पावाचं सांगितलं. सांगायला काहीच हरकत वाटली नाही. दर ऑगस्टमध्ये रायचं पीक घरात आलं की नव्या धान्याचा पहिला पाव त्यांची आई भाजते आणि तो आमच्या सरकारी टपालाच्या थैलीतून त्यांना जातो. थैलीत खाण्याची वस्तू घालायची नाही असा नियम आहे. तामेकिवींनी मोडलेला तेवढा एकच नियम मला माहीत आहे. सदतीस, अडतीस आणि एकोणचाळीस साली तो पाव मीच बांधून दिला. यागुप म्हणायचा, "लोकांना वाटतं थैलीत राज्याची गुपितं आहेत. आहे काय, तर म्हातारीचा पाव!"

पेडाकांनी कप खाली ठेवला. "या वर्षीही गेला पाहिजे," म्हणाले. "तुम्ही स्वतः जाऊन आणा. प्रवासाचा खर्च खातं देईल."

माझ्या मनात या लोकांबद्दल जी अढी होती ती थोडी सैल झाली. ज्याला नव्या रायचा पाव कळतो तो माणूस अगदीच परका नसतो.

१० ऑगस्ट, शनिवार. मुहू.

रेल्वे, मग बस, मग होडी. अंग आंबून गेलं.

लीसूमावशी म्हणजे तामेकिवींची आई. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटकुळी. अंगावर बेटावरचा पिवळ्या पट्ट्यांचा घागरा. मी आत शिरले तेव्हा जेवत होती. आपल्या रीतीप्रमाणे मी म्हटलं, "भाकरीला बरकत असो." तिनं मान हलवली आणि बाकावर सरकून जागा केली.

मी सगळं सांगितलं. सरकार त्यांना सन्मानानं बोलावतं आहे, चांगलं काम देणार आहे, आणि पाव न्यायला साहेबांनीच मला मुद्दाम पाठवलं आहे.

"कोणत्या साहेबांनी?"

"नव्या. कॉम्रेड पेडाक."

"त्याला पाव कसा माहीत?"

"मी सांगितलं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "शिकलेली आहेस ना तू?"

"हो, मावशी. तार्तूच्या विद्यापीठात."

"हं," ती म्हणाली. मग उठून पीठ बघायला गेली.

शनिवार म्हणून न्हाणीघर तापवलेलं होतं. आम्ही दोघी वाफेत बसलो. तिच्या पाठीची हाडं मोजता आली असती. ती तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिली, माझ्याकडे वळली नाही. बेटावरची माणसं अशीच असतात म्हणे.

उद्या सकाळी पाव भाजणार आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार. ताल्लिन.

पाव तागाच्या फडक्यात बांधून आणला. देताना मावशी म्हणाली होती, "त्याच्या हातात जाईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. तूसुद्धा." मी वचन दिलं.

ते पाळता आलं नाही. थैल्या तपासायला आता वेगळा माणूस असतो. त्यानं पावाचे सुरीनं दोन तुकडे केले आणि आत काही आहे का ते बोटांनी चाचपलं. मी ओरडले. तो म्हणाला, "आदेश आहे." फडकंसुद्धा झटकून पाहिलं.

पेडाक बाहेर आले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. "असा चिरलेला पाव पाठवणं बरं नाही. दुसरा मिळेल का? दिसायला तसाच हवा."

पुन्हा मुहूला जाऊन यायचं तर चार दिवस मोडतील. थैली शुक्रवारी निघते. मी चिरलेले तुकडे घरी आणले. पाव वाया घालवायचा नसतो. एक घास खाल्ला.

मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबातच नव्हतं. ओल्या मातीसारखी चव. बिचारी विसरली. चौऱ्याहत्तर वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. असा पाव त्यांच्या हातात पडला असता तर परदेशात बसून जीव किती कासावीस झाला असता, आई आता थकली म्हणून. एका अर्थी सुरीनं भलंच केलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

मी पाव केला. आईनं व्होरूहून नव्या रायचं पीठ पाठवलं होतं. घरमालकीण मिल्देबाईंनी आंबवण्याचं लाकडी पातेलं दिलं आणि वर टोमणाही दिला. "विद्यापीठात शिकवतात वाटतं हे? माझ्या वेळी नवऱ्यासाठी पाव भाजायचे, सरकारसाठी नाही."

दोन दिवस आंबवलं. मीठ नीट घातलं, आमच्याकडे घालतात तसं शहाजिरं घातलं. वरून ओला हात फिरवला. रंग चांगला आला. मावशीचंच फडकं धुऊन वाळवून त्यात बांधला.

मिल्देबाईंनी कडेचा तुकडा मागितला. दिला नाही. तामेकिवींच्या हातात जाईपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

थैली गेली. सोबतचं पत्र मी लिहिलं. शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या मातोश्री खुशाल आहेत, शेतावर काम करतात, आपली वाट पाहतात.' पेडाकांनी पेन्सिलीनं ती ओळ खोडली.

"सरकारी पत्रात घरचं नको."

मी म्हटलं, एकच तर ओळ आहे.

"पाव आहे ना सोबत. तो सांगेल."

हेही बरोबर आहे. पत्रं पाल्हाळिक करण्याची माझी खोड आहे, हे तामेकिवीसुद्धा सांगायचे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

तार आली. 'येतो. ११ सप्टेंबर. तामेकिवी.'

पेडाकांनी माझा हात हातात घेऊन हलवला. खात्यातल्या बाकीच्या बायका टाइपरायटरवरून मान वर न करता काम करत राहिल्या. मला आनंद झाला असणार. संध्याकाळी समुद्रकाठी चालायला गेले आणि परत आले, एवढं आठवतं.

११ सप्टेंबर, बुधवार

जहाज चाळीस मिनिटं उशिरा आलं. वारा होता. पेडाक फुलं आणि फोटोग्राफर घेऊन आले होते.

तामेकिवी उतरले तेव्हा मला आधी ओळखू आले नाहीत. बारीक झाले आहेत. दंडावर काळी फीत बांधलेली होती. पेडाकांनी फुलं दिली, फोटो निघाला, आणि सामानाचं काही पाहायला पेडाक जरा बाजूला गेले.

तामेकिवी मला हळूच म्हणाले, "कधी गेली?"

"कोण?"

"आई."

मी म्हटलं, "अहो, असं काय बोलता! त्या ठणठणीत आहेत. बटाटे काढताहेत. गेल्या आठवड्यात तिकडे राहणाऱ्या यागुपच्या भाचीनं पाहिलं."

ते आपल्या पेटीवर बसले. मला वाटलं, बोट लागली असेल.

"मग पाव कुणी केला?"

"मी केला. कळलं तुम्हाला?"

"शहाजिरं. आई नाही घालत."

"आवडला नाही का?"

"फार चांगला होता. सगळा संपवला. पहिल्या घासालाच कळलं, हा आईच्या हातचा नाही. फडकं तिचं, पाव दुसऱ्याचा, आणि पत्रात तिचं नाव नाही." मग म्हणाले, "तिनं दिलाच नव्हता?"

मी सगळं सांगितलं. तपासणी, सुरी, आणि मावशी मीठ घालायला विसरल्याचं. म्हटलं, तसा पाव तुम्हाला पाठवणं बरं वाटलं नाही.

"मीठ," ते म्हणाले. "अजिबात नव्हतं?"

"अजिबात नाही. वय झालं त्यांचं."

"हो. वय झालं."

त्यांनी जहाजाकडे पाहिलं. खलाशी शिडी वर ओढत होते. ती पूर्ण वर जाईपर्यंत ते पाहत राहिले. मग दंडावरची फीत सोडली, घडी घातली, खिशात ठेवली आणि मोठ्यांदा हसले. पेडाक वळून पाहायला लागले.

"पदवीधरबाई, एक वचन द्या. हे मिठाचं आईला सांगायचं नाही. पाव बदलल्याचंही नाही. तिला वाईट वाटेल."

मी वचन दिलं. आई जिवंत आहे हे कळल्यावर माणूस असा हसणारच. पण त्यांचा हात हातात घेतला तेव्हा बर्फासारखा गार होता.

१४ सप्टेंबर, शनिवार. मुहू.

पेडाक म्हणाले, तामेकिवी घरी जाताहेत, त्यांना एकटं वाटू नये म्हणून तुम्ही सोबत जा आणि परत आल्यावर सहज मला सांगा काय काय बोलणं झालं. म्हणून आले.

मावशी शेतात होती. लेकाला बांधावरून येताना पाहून उठली नाही. बटाट्याची टोपली भरत राहिली. आम्ही जवळ गेल्यावर म्हणाली, "का आलास?"

"घर आठवलं."

"पाव मिळाला नव्हता?"

"मिळाला."

"खाल्लास?"

"खाल्ला, आई."

"आणि तरी आलास."

"आलो."

मावशीनं फावड्याचा दांडा घट्ट धरला. मला वाटलं ती त्यांना मारतेय की काय. मग तिनं दुसरं फावडं त्यांच्याकडे टाकलं. "मग उभा काय राहिलास? मंत्री होतास तेव्हाही असाच उभा राहायचास."

"मंत्र्याला उभं राहण्याचाच पगार असतो."

दोघं अंधार पडेपर्यंत बटाटे काढत राहिले. मीही काढले. तिघांत दहा वाक्यंही झाली नसतील. जेवताना मावशीनं लेकाच्या ताटात सगळ्यात मोठा बटाटा ठेवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टोपी काढली तेव्हा डोक्यावरून हात फिरवायला तिचा हात उठला आणि तसाच खाली आला. इतक्या लांबून आलेल्या मुलावर इतका राग कशाचा, मला कळलं नाही.

पेडाकांना काय सांगायचं? बटाटे काढले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. पेडाक म्हणाले, "आणखी काही?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तामेकिवींना खात्यात तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आहे. टेबल, खुर्ची, दौत. काम नाही. रोज नऊला येतात, पाचला जातात. आज मी कागद घेऊन गेले तर म्हणाले, "माझी कारकीर्द तू लिहिलीस म्हणे. वाचायला मिळेल का?"

मी प्रत आणून दिली. त्यांनी वाचली. तहाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सदस्य?"

मी लाजले. "कोट सांभाळले असं कसं लिहिणार?"

"असंच लिहायचं." मग म्हणाले, "भाषा चांगली आहे. स्मशानात कोरायला हरकत नाही."

मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका. ते दौतीचं झाकण लावत बसले. त्यांनी मला जायला सांगितलं नाही, म्हणून थोडा वेळ उभी राहिले. वाटत होतं, त्यांना काहीतरी विचारायला हवं. काय विचारायचं ते सुचलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दहा वाजता दोघे जण आले आणि तामेकिवींना घेऊन गेले. जिन्यावरून उतरताना त्यांनी यागुपला विचारलं, "माझा कोट?" यागुपनं कोट आणून अंगावर चढवला. वरचं बटण लागेना. तामेकिवी म्हणाले, "राहू दे. मीही एके काळी हेच काम करायचो. बाहेर नेईपर्यंत बटण लागत नाही."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मान झुकवली. मी टाइपरायटरवर पान चढवलेलं होतं. ते पूर्ण केलं. त्यानंतर आणखी दोन केली.

घरी आल्यावर मिल्देबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, बरी आहे. खरंच बरी होते. भूक लागली होती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

पेडाकांनी आरोपपत्राची शुद्ध प्रत करायला दिली. हातानं लिहिलेला मसुदा होता. मी चौथ्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की मला पुढची ओळ पाठ आहे.

सैन्यात स्वतःहून भरती, शब्द तेच. संसदेत दोन वेळा. चौदा महिने मंत्री. तीन पदकं. मी लिहिलेल्याच क्रमानं, प्रत्येक ओळीपुढे एक कलम. तहाच्या ओळीत लिहिलं होतं, 'शत्रूपक्षाच्या शिष्टमंडळाचा सदस्य.' त्यापुढे दोन कलमं.

मी पेडाकांकडे गेले. म्हटलं, "ही ओळ चुकीची आहे. ते सदस्य नव्हते. बाहेर बसून कोट सांभाळत होते."

"कागद तुमचा आहे."

"मी वाढवून लिहिलं होतं."

त्यांनी कपाटातून माझं पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. खाली माझी सही. 'खरं आणि पूर्ण.' ते चिडले नाहीत. म्हणाले, "मग तुम्ही सरकारला खोटं लिहून दिलंत, असं माझ्याकडून लिहून हवंय का? घरी आईवडील आहेत ना तुमचे, व्होरूला?"

मी परत जागेवर आले. पान पूर्ण केलं. चुका झाल्या नाहीत.

४ नोव्हेंबर, सोमवार

तामेकिवींना पूर्वेला, रशियात पाठवलं असं यागुप म्हणतो. कुठे ते त्याला माहीत नाही. पेडाकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांची नोंद आता आपल्या खात्यात नाही." कार्ड काढून द्यायला सांगितलं. दिलं. पेटीत त्या जागी बोटभर फट राहिली आहे. बाकीची कार्डं सरकवून मी ती बुजवली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. मुहू.

पितरांचे दिवस चालू आहेत. या दिवसांत मोठ्यानं बोलायचं नाही, आवाजाचं काम काढायचं नाही, आणि गेलेल्यांसाठी ताट मांडून ठेवायचं.

मावशीच्या टेबलावर एक जास्तीचं ताट होतं. ती म्हणाली, "ते त्याच्या बापाचं. त्याचं नाही. तो जिवंत आहे."

मी मान हलवली. तिला बातमी आधीच लागली होती. मी बाकावर बसले. कोट काढला नाही. ती बटाटे सोलत होती, उकडलेले, गरम, बोटांनीच.

मग बोलली. माझ्याशी नाही, बटाट्याशी.

"जर्मन आले त्या वर्षी याचा बाप जंगलात लपला होता. धरून नेत होते ना, खंदक खणायला. मी पाव पाठवायची. मीठ असेल तर घर मोकळं आहे, ये. मीठ नसेल तर घरात माणसं आहेत, येऊ नकोस. पोचवायला प्रीदूच जायचा. बावीस वर्षांचा घोडा होता तेव्हा. एकदा म्हणाला, आई, असला पाव मी जन्मात विसरणार नाही." तिनं साल खाली टाकलं. "विसरला."

मी ऐकत होते. कानात समुद्रासारखा आवाज येत होता, पण समुद्र दूर आहे.

"यंदा मी मीठ घातलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्यासमोर मळलं, तुझ्यासमोर भाजलं. त्याला याहून काय सांगायचं होतं? मिळाला म्हणतो, खाल्ला म्हणतो, आणि येतो. आईचं सांगणं कळलं नाही त्याला, की कळून झुगारलं? तेवढंच मला कळायला हवंय. बाकी जे झालं ते झालं."

मी वचन दिलं होतं. तो गार हात आठवला, आणि वर जाणारी शिडी. तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या तोंडून, माझ्या समोर. आणि त्यांनी मला सांगितलं, तिला वाईट वाटेल.

मी सांगितलं. सुरीचं सांगितलं. एक घास खाल्ल्याचं सांगितलं. म्हटलं, मला वाटलं तुम्ही विसरलात. म्हणून मी दुसरा पाव केला. मी मीठ घातलं. तुमचं फडकं धुऊन त्यात बांधला. त्यांनी खाल्ला आणि ओळखलं की तुमच्या हातचा नाही. पत्रात तुमचं नाव नव्हतं. त्यांना वाटलं तुम्ही गेलात आणि आम्ही लपवतो आहोत. काळी फीत बांधून उतरले होते. तुम्हाला पोचवायला आले होते.

मी थांबले. ती मला हाकलून देईल असं वाटलं. मी उठून उभी राहिले, दार पाहून ठेवलं.

मावशी हातातला बटाटा सोलत राहिली. तो झाला. दुसरा घेतला. तोही झाला.

"म्हणजे त्यानं माझं ऐकलं नाही, असं नाही."

"नाही, मावशी. त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही."

"आणि शेतात मी त्याला विचारलं तेव्हा?"

"त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर काही नव्हतं. कुंपण, पलीकडे काढून झालेलं बटाट्याचं शेत.

"मी त्याच्याशी नीट बोलले नाही," ती म्हणाली. "एक रात्र होता घरात. मी पाठ करून झोपले."

मी खाली पडलेलं साल उचलून टेबलावर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली.

तिनं घागऱ्याला हात पुसले आणि बाकावर सरकून जागा केली. मी बसले. तिनं एक बटाटा माझ्यासमोर ठेवला, आणि मिठाची लाकडी डबी माझ्याकडे सरकवली.

"घाल," ती म्हणाली. "निवतोय."